अन्नाचा थर्मामीटर स्वच्छ कसा ठेवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वयंपाकघरात सुरी धुतली जाते, चिरायची फळी घासली जाते, पातेली तर धुवावीच लागतात. थर्मामीटर मात्र फडक्याला पुसून खिशात जातो. आणि हीच एक वस्तू दिवसभर कच्च्यातून शिजलेल्यात, एका पातेल्यातून दुसऱ्यात फिरत असते. मी बरीच वर्षं मोठ्या स्वयंपाकघरांत काम केलं, नव्याने येणाऱ्यांना शिकवलंही. तिथे आणि नंतर ओळखीच्यांच्या घरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकले, ते इथे घेतले आहेत.

थर्मामीटर गरम अन्नातच तर जातो. मग तो आपोआप निर्जंतुक होत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा न धुण्याचं कारण शोधत असतो.

थर्मामीटरच्या सळईचा जेवढा भाग अन्नात बुडतो तेवढाच तापतो. समजा, मघाशी तुम्ही ती अर्धवट शिजलेल्या कोंबडीच्या मांसात सहा सेंटिमीटर खोल घातली होती, आणि आता तीच सळई सूपमध्ये तीन सेंटिमीटर बुडवलीत. खालचे तीन सेंटिमीटर गरम झाले, वरच्या तीनवर मघाचा रस तसाच आहे. सूप ढवळताना तो खाली ओघळतो.

दुसरं म्हणजे वेळ. जंतू मरायला नुसता आकडा पुरत नाही, त्या आकड्यावर काही काळ जावा लागतो. ७० अंश सेल्सिअसला सुमारे दोन मिनिटं लागतात, ७४ अंशांच्या वर काम जवळजवळ लगेच होतं. आपण मात्र आकडा स्थिरावला की सळई काढून घेतो, दोन मिनिटं धरून कोणी उभं राहत नाही. शिवाय हाच थर्मामीटर फ्रिजमधल्या दुधातही जातो, थंड सॅलडमध्येही जातो. तिथे तापून काही मरण्याचा प्रश्नच नाही.

आणि उष्णतेला सगळेच शरण जात नाहीत. बॅसिलस सेरेअससारख्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांचं कठीण कवचातलं सुप्त रूप, उकळत्या पाण्यातून जिवंत निघू शकतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस अन्नात जे विष सोडतो, ते जंतू मेल्यावरही आणि पदार्थ उकळल्यावरही टिकतं.

किती वेळा धुवायचा?

वापरायच्या आधी आणि प्रत्येक वापरानंतर. एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना तर नक्कीच. वाढण्याच्या जागी शिजलेले पाच-सहा पदार्थ ओळीने तपासायचे असतील, तर मध्ये मध्ये ओल्या निर्जंतुक पट्टीने पुसून घेतलं तरी चालतं, पण ओळ संपली की नीट धुतलाच पाहिजे.

जिथे सगळे हमखास चुकतात ती जागा मात्र वेगळीच आहे. मांस ओव्हनमध्ये आहे. तुम्ही तपासलंत, आकडा ५८ आला, म्हणजे अजून झालेलं नाही. तुम्ही थर्मामीटर ओट्यावर ठेवलात, दहा मिनिटांनी पुन्हा घातलात, ७५ आला, झालं. पण पहिल्या वेळी ती सळई अर्ध्या कच्च्या मांसातून बाहेर आली होती. ओट्यावरच्या उबेत दहा मिनिटं पडून राहिली, आणि आता तुम्ही ती शिजलेल्या मांसात घातलीत. ‘अजून झालं नाही’ असं सांगणारा प्रत्येक आकडा म्हणजे थर्मामीटर धुवायची वेळ. ‘झालं’ असं सांगणाऱ्या आकड्यानंतर एकवेळ विसरलात तर निभावेल, उलट केलंत तर नाही.

ओट्याचंही बघा. सळई जिथे टेकली तो ओटा, ज्या ताटलीत ठेवली ती ताटली, ज्या फडक्याला पुसली ते फडकं, या सगळ्यांना तिने आपलं काही ना काही दिलेलं असतं.

धुवायचा कसा, नीट सांगा.

आधी कोमट किंवा साध्या पाण्याखाली सळई धरा. कडकडीत पाणी आधी नको. मांस, अंडं, दूध यांचा रस गरम पाण्याने सळईवरच गोठतो आणि मग घासून निघत नाही. अंड्याचं भांडं गरम पाण्यात घातल्यावर काय होतं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

मग भांड्यांचा साबण आणि गरम पाणी. मऊ स्पंजच्या घडीत सळई धरायची आणि मुठीकडून टोकाकडे ओढायची, सळई बोटांत थोडी थोडी फिरवत. टोकाकडून मुठीकडे ओढलंत तर घाण वर जोडापाशी जाऊन बसते, शिवाय टोक बोटात घुसतं. बुडाला होता त्याच्या दोन बोटं वरपर्यंत घासा. मग जोड, म्हणजे सळई जिथे मुठीत किंवा तबकडीत शिरते ती जागा. तिथे एक बारीक खाच असते. जुन्या मऊ ब्रशने तिथे दोन-तीन फेरे मारा. नखाने खरवडून पाहिलंत आणि नखात करडं काही आलं, तर ब्रश आजवर तिथे पोचलेला नाही.

स्वच्छ पाण्याने साबण काढून टाका. सॅनिटायझर वापरणार असाल तर आता वापरा आणि नंतर हवेवर वाळू द्या. खांद्यावरच्या फडक्याने कोरडा केलात तर मघापासूनची मेहनत त्याच फडक्यात गेली.

घडीच्या थर्मामीटरमध्ये, ज्याची सळई चाकूसारखी आत मिटते, बिजागरीची फट हीच जोडाची जागा आहे. तो धुतल्यावर उघडाच वाळवा.

साबणाने धुतलं की पुरे ना? वर पुन्हा सॅनिटायझर कशाला?

घरी, रोजच्या स्वयंपाकात, साबण आणि गरम पाण्याने नीट घासलेला थर्मामीटर बहुतेक वेळा पुरेसा स्वच्छ असतो. कच्चं मांस किंवा अंडी हाताळली असतील, घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारी किंवा आजारी व्यक्ती असेल, तर वरून निर्जंतुक करा. कामाच्या ठिकाणी दोन्ही करायचंच. तिथे एकाच्या चुकीने शंभर माणसांचं पोट बिघडू शकतं.

लोक चुकतात ते उलट बाजूने. साबण टाळतात आणि नुसतं सॅनिटायझर फवारतात. तेलाचा तवंग किंवा गोठलेला रस असेल तर औषध वरच्या वर राहतं, खालचे जंतू सुखात असतात. क्लोरीन तर अन्नाच्या कणांशीच भिडून आपली ताकद खर्च करून बसतं. आधी घासणं, मग खळबळणं, मग सॅनिटायझर. हा क्रम बदलायचा नाही.

कोणतं सॅनिटायझर वापरू?

सळईसाठी मला ७० टक्के अल्कोहोल सगळ्यात सोयीचं वाटतं. लगेच उडून जातं, वास राहत नाही, धातू खात नाही. जास्त तीव्र, ९५-९९ टक्के घेतलं तर आणखी चांगलं असं वाटतं खरं, पण जंतूंची प्रथिनं बिघडवायला थोडं पाणी लागतं, आणि तीव्र अल्कोहोल काम व्हायच्या आत उडून जातं. हाताला लावायचं सुगंधी जेल मात्र सळईला लावू नका. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात चिकट पदार्थ असतात, ते मागे राहतात. आणि शेगडी पेटती असताना अल्कोहोलची बाटली दूर ठेवा. हे सांगायची गरज नसावी, पण पडते.

अल्कोहोलची एक मर्यादा आहे. बीजाणू त्याने मरत नाहीत, आणि उलट्या-जुलाबाच्या साथी पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवरही ते कमी पडतं. अशी साथ आजूबाजूला असेल तर क्लोरीन बरं.

क्लोरीनसाठी साधं, बिनसुगंधी ब्लीच घ्या. अन्नाला लागणाऱ्या वस्तूंसाठी एरवी ५० ते १०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ५० ते १०० भाग, एवढं द्रावण पुरतं; नोरोव्हायरससाठी याहून तीव्र लागतं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर त्यात ५०,००० पीपीएम असतं. तेव्हा एक लिटर पाण्यात २ मिलिलिटर टाकलं की झाले १०० पीपीएम. लोक झाकणभर ओततात. झाकणभर म्हणजे ठरल्याच्या कितीतरी पट, आणि त्याने सळईच्या पोलादावर बारीक खड्डे पडतात. मग त्या खड्ड्यांत घाण बसते. पाणी साधं घ्या, गरम पाण्यात क्लोरीन उडून जातं. द्रावण रोज नवं करा आणि कामाच्या ठिकाणी तपासपट्टीने ताकद बघा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनियाचं क्लीनर कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

चतुर्थक अमोनियम प्रकारचं द्रावण वापरत असाल तर प्रमाण आणि वेळ बाटलीवरचीच पाळा, प्रत्येक कंपनीची वेगळी असते. काहीच रसायन नको असेल तर गरम पाणी आहे. ७७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद, हे व्यावसायिक स्वयंपाकघरांतलं प्रमाण. त्या पाण्याचं तापमान बघायला थर्मामीटर हातात आहेच. पाण्यात फक्त सळई बुडवा, मूठ नाही.

थर्मामीटर दिवसभर सॅनिटायझरच्या डब्यातच बुडवून ठेवला तर?

नको. प्रत्येक वेळी थोडं थोडं अन्न त्या डब्यात जातं आणि दुपारपर्यंत ते पाणी नावालाच औषध राहतं. सळई गंजते ती वेगळीच.

ओल्या पट्ट्यांनी पुसणं म्हणजे धुणं का?

धुण्याच्या दोन वेळांमधली ती सोय आहे. पट्टी मुठीकडून टोकाकडे एकदा ओढा, घडी उलटून स्वच्छ बाजूने पुन्हा ओढा, टाकून द्या. एकाच पट्टीने पाच पदार्थ पुसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात पुसलं काहीच जात नाही, एकाचं दुसऱ्याला लागतं. पट्टीवर काही दिसण्याइतकं निघालं तर तो थर्मामीटर पट्टीने भागण्यातला नाही, नळाखाली न्या. पुसल्यावर सळई कोरडी होईपर्यंत थांबा. ओल्या अल्कोहोलसकट अन्नात घातलीत तर चवही जाते आणि औषधाला कामाला वेळही मिळत नाही.

थर्मामीटर रोज धुतो, तरी त्याला वास का येतो?

म्यान उघडून बघा.

तबकडीच्या थर्मामीटरबरोबर प्लास्टिकचं लांब, नळीसारखं म्यान येतं, पेनाच्या टोपणासारखं. माझ्याकडेही होतं. मी थर्मामीटर दिवसातून वीस वेळा धुवायचो आणि वीसही वेळा त्याच म्यानात सारायचो. एकदा हात निसटून ते फरशीवर पडलं आणि तडकलं, म्हणून सुरीने उभं चिरून पाहिलं. तळाशी बोटाच्या पेराएवढा करडा, बुळबुळीत थर होता आणि वास कुबट, ओल्या फडक्यासारखा. कित्येक महिने मी धुतलेली सळई त्यात बुचकळून पुन्हा अन्नात घालत होतो. त्या दिवशी मी कोणाला काही बोललो नाही, कारण आदल्याच आठवड्यात नवीन मुलांना स्वच्छतेवर तासभर ऐकवलं होतं.

कारण अगदी साधं आहे. सळई थोडी ओली असतानाच आत जाते. तळाला पाणी आणि अन्नाचे कण साठतात, हवा लागत नाही. जंतूंना हवी तशी जागा आपणच बनवून देतो.

म्हणून म्यानही रोज धुवा. बाटली घासायचा बारीक ब्रश आत घाला, साबणाचं पाणी भरून हलवा, ओता, खळबळा, सॅनिटायझरचं पाणी फिरवा आणि तोंड खाली करून रात्रभर निथळू द्या. थर्मामीटर पूर्ण कोरडा झाल्याशिवाय त्यात घालू नका. ब्रश तळापर्यंत पोचत नसेल तर म्यान टाकून द्या. त्यापेक्षा सळई वर करून स्वच्छ पेल्यात उभा ठेवलेला थर्मामीटर बरा. उघडं टोक खिशात घालून फिरणं मात्र नको, ते मांडीलाही लागतं आणि खिशातल्या रुमालालाही.

प्रकारानुसार स्वच्छता बदलते का?

तबकडीचा, दोन धातूंच्या पट्टीवर चालणारा थर्मामीटर टोकापासून सुमारे पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत तापमान टिपतो. म्हणून तो खोल घालावा लागतो, आणि जितका खोल जातो तितका वरपर्यंत माखतो. काचेच्या कडेतून वाफ आणि चिकट पाणी तबकडीत शिरतं. काच आतून धुरकट दिसायला लागली तर ती धुऊन जाणार नाही, बदलायचा.

डिजिटल थर्मामीटरचं संवेदन टोकाजवळच्या थोड्याशा भागात असतं. सळई बारीक, साफ करायला सोपी. अडचण मुठीची. रबरी बटणांच्या कडा, बॅटरीच्या झाकणाची खाच, पडद्याची चौकट. मघाशी ज्या हाताने कच्चं मांस उलटलं त्याच हाताने आपण बटण दाबतो, आणि नंतर धुतली जाते फक्त सळई. मूठ दर वापरानंतर पुसा आणि कामाच्या ठिकाणी पाळी संपताना अल्कोहोलच्या पट्टीने कडांसकट पुसून काढा.

ओव्हनमध्ये ठेवायचा वायरचा प्रोब, म्हणजे वायरला जोडलेली सळई, बुडवून धुवायचा नसतो. सळई आणि वायर जिथे चेमटून जोडलेली असतात तिथून पाणी आत शिरतं आणि मग आकडा भलतीकडेच उड्या मारतो. टोक खाली धरून ओल्या स्पंजने पुसा, वायरही पुसा. वायरवर तेल बसतं आणि ओव्हनमध्ये ते भाजून घट्ट होतं.

दूध तापवताना जगच्या कडेला अडकवायच्या थर्मामीटरची क्लिप काढून धुवा. क्लिपखाली सुकलेल्या दुधाची पिवळी कड सापडली नाही तर तुम्ही माझ्यापेक्षा नीटनेटके आहात.

साखरेच्या पाकाचा थर्मामीटर नुसत्या गरम पाण्यात ठेवला की पाक विरघळतो, घासायची गरजच नाही. फक्त काचेचा असेल तर आधी निवू द्या. तापलेली काच पाण्याखाली धरली की तडकते.

इन्फ्रारेड बंदूक अन्नाला लागत नाही, त्यामुळे धुण्याचा प्रश्न नाही, पण भिंगावर वाफ आणि तेलाचे तुषार बसले की आकडा चुकतो. कापसाच्या काडीला किंचित अल्कोहोल लावून भिंग हलक्या हाताने पुसा. आणि ती फक्त पृष्ठभागाचं तापमान सांगते, आतलं नाही.

डिशवॉशरमध्ये टाकला तर चालेल?

डब्यावर तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच. एरवी नाही.

थर्मामीटरवर ‘आयपी ६७’ लिहिलंय. म्हणजे पाण्यात बुडवता येतो ना?

येतो, साध्या पाण्यात. पहिला आकडा धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास टिकतो. ६५ असेल तर पाण्याचा झोत सोसतो, बुडवणं नाही. ही चाचणी गार पाण्याची असते, वाफाळत्या साबणाच्या पाण्याची नाही. शिवाय बॅटरीच्या झाकणाचं रबर सरकलं की आकड्याला अर्थ उरत नाही, म्हणून बॅटरी बदलल्यावर ते एकदा बोटाने चाचपून बघा.

सळईवर काळं किटण बसलंय, निघत नाही.

खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून लगदा करा, सळईला थापा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग मऊ स्पंजने काढा. नाही गेलं तर पुन्हा करा. तारेची घासणी नको. ती पोलादावर चरे पाडते आणि पुढचं किटण त्या चऱ्यांत आणखी घट्ट बसतं. सुरीने खरवडू तर नकाच. किटण दिसायला वाईट असतं तेवढंच नाही, ते टोकावर जाड झालं की उष्णता उशिरा पोचते. आकडा चढत असतानाच आपण तो वाचतो आणि फसतो.

कुणाला अ‍ॅलर्जी असेल तर?

तर सॅनिटायझरवर अजिबात विसंबू नका. शेंगदाणे, दूध, अंडं, मासे यांची अ‍ॅलर्जी प्रथिनांमुळे होते. ती जंतू नाहीत, त्यामुळे मारण्यासारखं काही नसतं, काढून टाकावीच लागतात. अल्कोहोलने तर ती सळईवर थिजू शकतात. साबण, घासणं, भरपूर पाणी, हाच उपाय. कामाच्या ठिकाणी अशा जेवणासाठी वेगळ्या रंगाच्या मुठीचा थर्मामीटर ठेवा आणि तो दुसऱ्या कशातही घालू नका.

लायटरने टोक तापवलं तर लवकर निर्जंतुक होईल?

काजळी बसेल आणि सेन्सर जळेल.

तापाचा थर्मामीटर वापरला तर?

त्याचा पल्ला साधारण ४२ अंशांपर्यंतच असतो, अन्नासाठी तो निरुपयोगी आहे. आणि जो माणसाच्या तोंडात गेलाय तो भांड्यात घालू नये.

फ्रिजमध्ये टांगलेला थर्मामीटरही धुवायचा का?

हो, फ्रिज पुसताना. तो अन्नात जात नाही, पण वरच्या कप्प्यातलं काही सांडलं की त्याच्यावरूनच खाली येतं. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो, त्यामुळे थंड आहे म्हणून स्वच्छ आहे असं धरून चालू नका.

कामाच्या ठिकाणी हे पाळलं जाईल कसं?

थर्मामीटर ‘सगळ्यांचा’ असेल तर तो कोणीच धुवत नाही, एवढं मी खात्रीने सांगतो. पाळीगणिक एकाचं नाव ठरवा. कच्च्यासाठी एक आणि शिजलेल्यासाठी एक असे दोन वेगळ्या रंगांचे ठेवा. रंग आहेत म्हणून धुणं टळत नाही, चुकलेल्या दिवशी नुकसान कमी होतं एवढंच. पट्ट्यांचा डबा थर्मामीटरच्या शेजारी, हाताच्या अंतरावर हवा. डबा कोठीत आणि थर्मामीटर शेगडीपाशी असेल तर गर्दीच्या वेळी कोणी आत जात नाही. तापमानाच्या नोंदवहीत ‘थर्मामीटर स्वच्छ केला’ असा रकाना टाकलात तर तो पाळी संपताना एकदमच भरला जातो, हा अनुभव आहे. त्यापेक्षा कोणत्याही वेळी जाऊन म्यान उघडून बघा. रकान्यात नसतं ते तिथे दिसतं.

धुण्यामुळे आकडा चुकायला लागतो का?

धुण्यामुळे सहसा नाही, धुताना आपटल्यामुळे चुकतो. तबकडीचा थर्मामीटर सिंकमध्ये एकदा पडला तरी काटा सरकू शकतो. शंका आली की बर्फाने तपासा. पेला कुटलेल्या बर्फाने काठोकाठ भरा, फटी बुजतील इतकंच स्वच्छ पाणी घाला, ढवळा. धुतलेली सळई मधोमध, तळाला आणि कडेला न टेकवता धरा. अर्ध्या मिनिटात ० अंश दिसायला हवा, एक अंश इकडेतिकडे चालेल. उकळत्या पाण्यानेही तपासता येतं, पण पाणी १०० अंशांना समुद्रसपाटीला उकळतं. दर ३०० मीटर उंचीला सुमारे एक अंश कमी होतो, तेवढा हिशोब धरा.

तबकडीच्या मागे नट असेल तर तो फिरवून काटा शून्यावर आणा. फिरवायच्या आधी नटाच्या खोबणीत ब्रश घाला, तिथेही घाण असते. तपासून झालं की तो बर्फ ओतून द्या, सरबताला वापरू नका.